एकोणीस पायऱ्या
हिमोफिलिया, बदललेला गुडघा आणि त्यानंतरचे आयुष्य

गेल्या ईदला आमच्या घरी एक पाहुणा आला. पाहुणा म्हणजे आमचाच जुना विद्यार्थी. आम्ही वाईत पहिल्या मजल्यावर राहतो. जिना अरुंद, एकोणीस पायऱ्यांचा. इतकी वर्षे तो ईद मिलायला आला की खालूनच हाक मारायचा आणि आम्ही शीरखुर्म्याची वाटी घेऊन खाली उतरायचो. या वेळी खालून आवाज आला, "सर, नीचे मत आव, मैं ऊपर आता."

आणि तो आला. कठड्याला धरून, सावकाश, एकेक पायरी चढत. वर येऊन खुर्चीवर बसला तेव्हा त्याच्या कपाळावर घाम होता, पण चेहऱ्यावर जे होते ते आम्ही त्याच्या लहानपणीही पाहिले नव्हते.

त्याचे वय आज पस्तीस. त्याला हिमोफिलिया आहे. दोन वर्षांपूर्वी त्याचा उजवा गुडघा बदलला. त्याचे नाव आम्ही येथे देत नाही. त्याची गोष्ट मात्र त्याच्या परवानगीने सांगतो, कारण हा आजार आपल्या घरांतही आहे आणि आपण त्याबद्दल दबक्या आवाजात बोलतो.

आमच्याकडून झालेली चूक

नोकरीची आमची पहिली दोन-तीन वर्षे. सातवीच्या वर्गात हा मुलगा होता. महिन्यातून आठ-आठ दिवस गैरहजर. आला की लंगडत यायचा, खेळाच्या तासाला झाडाखाली बसायचा. आम्हाला वाटले, कामचुकार आहे. एके दिवशी उशिरा आला म्हणून आम्ही त्याला मैदानाला दोन फेऱ्या मारायला लावल्या. तो काही बोलला नाही. धावला.

दुसऱ्या दिवशी तो आला नाही. त्यानंतर तीन आठवडे आला नाही. त्याची अम्मी शाळेत आली आणि एवढेच म्हणाली, "सर, उसका खून पतला है. घुटना देखो तो भोपळे जैसा फूल्या." आम्ही मान खाली घातली. पण 'पातळ रक्त' म्हणजे नेमके काय, हे ना त्या माऊलीला माहीत होते, ना बीएड झालेल्या आम्हाला. पुढे दोन वर्षांनी पुण्यात तपासणी झाली तेव्हा आजाराचे नाव कळले: हिमोफिलिया ए, गंभीर स्वरूपाचा.

आजार काय आहे?

रक्त पातळ नसते. जखम झाली की रक्त गोठवण्यासाठी शरीरात अनेक घटक एकामागून एक कामाला लागतात. त्यांना फॅक्टर म्हणतात. आठव्या क्रमांकाचा फॅक्टर कमी असेल तर हिमोफिलिया ए, नवव्या क्रमांकाचा कमी असेल तर हिमोफिलिया बी. साधारण पाच हजार मुलग्यांमागे एकाला 'ए' प्रकार असतो. 'बी' त्याहून बराच दुर्मीळ. ज्याच्या रक्तात हा घटक एक टक्क्याहून कमी असतो तो गंभीर रुग्ण. त्याला मार न लागताही सांध्यात रक्तस्राव होऊ शकतो.

हा आजार नवा नाही. अंदलुसमधील कुर्तुबा शहराजवळचे थोर शल्यविशारद अल-जहरावी इसवी सन १०१३ मध्ये वारले. त्यांच्या 'अत-तसरीफ' या तीस भागांच्या ग्रंथात एका गावाचे वर्णन आहे, जिथे काही पुरुष साध्या जखमेनेही रक्त वाहून मरत. वैद्यकाच्या इतिहासात हिमोफिलियाच्या सर्वांत जुन्या वर्णनांमध्ये ते गणले जाते. हा आजार गरिबांचा किंवा अडाण्यांचाही नाही. इंग्लंडची राणी व्हिक्टोरिया या दोषाची वाहक होती आणि तिचा मुलगा लिओपोल्ड १८८४ मध्ये पडण्याचे निमित्त होऊन रक्तस्रावाने वारला.

आपल्या घरांत हा आजार बहुतेक वेळा खतन्याच्या वेळी उघड होतो. आमच्या या विद्यार्थ्याचे तसेच झाले. पाच दिवस रक्त थांबेना. कुणी नजर लागली म्हटले, कुणी खतना करणाऱ्याचा हात वाईट म्हटले, कुणी बोट आईकडे दाखवले. तिचा एक भाऊ लहानपणी दात काढल्यावर रक्त जाऊन वारला होता. दोन गोष्टींचा संबंध जोडणारे मात्र कुणी नव्हते. आजोळी असा इतिहास असेल तर खतन्याआधी मुलाच्या रक्ताची तपासणी करावी. आजार असला तरी रुग्णालयात, फॅक्टर देऊन, जाणकार डॉक्टरांच्या हातून खतना करता येतो.

गुडघ्यावरच घाला का?

हिमोफिलियात सर्वांत जास्त रक्तस्राव गुडघा, घोटा आणि कोपर या सांध्यांत होतो. रक्त सांध्यात साठले की त्यातील लोह आतल्या अस्तरात मुरते. अस्तर सुजते, जाड होते, आणि जाड झालेले अस्तर पुन्हा सहज रक्त सोडते. असे चक्र सुरू राहिले की हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत कूर्चा झिजून जाते. हाड हाडावर घासते. दुखू नये म्हणून मुलगा गुडघा वाकवून ठेवतो आणि मग तो तसाच आखडतो. इतर लोकांचे गुडघे साठीनंतर झिजतात. यांचे विशी-तिशीतच जातात.

आमच्या विद्यार्थ्याच्या लहानपणी फॅक्टरचे इंजेक्शन त्याच्या घराच्या ऐपतीबाहेर होते. सूज आली की बर्फ, पलंग आणि अम्मीची दुआ. फार झाले तर पुण्याला जाऊन प्लाझ्मा चढवायचा. एकदा कुणी हाडवैद्याकडे नेले. त्याने तेल लावून मालीश केली आणि रात्रीत गुडघा दुप्पट झाला. एका दवाखान्यात दुखण्यावर कमरेत इंजेक्शन दिले, तिथे गाठ आली ती महिनाभर राहिली. पंचविशीत त्याचा उजवा गुडघा तीस अंशांत आखडला होता. पाय सरळ होत नव्हता आणि पुरता वाकतही नव्हता. मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात तो दिवसभर स्टुलावर बसून काम करी, कारण उभे राहण्याचे कोणतेच काम त्याला जमत नव्हते.

पुढे परिस्थिती थोडी बदलली. साताऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात हिमोफिलियासाठी डे केअरची सोय झाली आणि फॅक्टर मोफत मिळू लागला. वाईहून एसटीने तास-सव्वा तासाचा रस्ता. पण जो गुडघा झिजून गेला तो फॅक्टरने परत येत नाही.

ऑपरेशनचा निर्णय

गुडघा बदलायचा म्हणजे झिजलेली हाडाची टोके कापून तिथे धातूचे आवरण आणि मध्ये टणक प्लास्टिकचा थर बसवायचा. इतरांसाठी हे आता रोजचे ऑपरेशन झाले आहे. हिमोफिलियात मात्र खरी तयारी रक्ताची असते.

हिशेब समजून घ्या. वजनाच्या एका किलोमागे फॅक्टर आठचे एक युनिट दिले की रक्तातील पातळी सुमारे दोन टक्के वाढते. साठ किलोच्या माणसाची पातळी शून्यापासून शंभर टक्क्यांपर्यंत न्यायला तीन हजार युनिटे लागतात. हा फॅक्टर शरीरात आठ ते बारा तासांतच निम्मा होतो. म्हणून तो पुन्हा पुन्हा द्यावा लागतो, ऑपरेशनच्या दिवशी आणि नंतरही दोन आठवडे किंवा त्याहून अधिक. शिवाय टाके काढताना आणि व्यायामाच्या काळातही. म्हणजे एका गुडघ्याला हजारो नव्हे, दहा हजारांच्या पटीत युनिटे लागतात. तेवढा साठा हाताशी असल्याशिवाय शहाणा सर्जन सुरी उचलत नाही.

दुसरी तपासणी इन्हिबिटरची. गंभीर हिमोफिलिया ए असलेल्या शंभरातल्या पंचवीस-तीस जणांत शरीर बाहेरून दिलेल्या फॅक्टरलाच शत्रू समजून नष्ट करू लागते. तसे असेल तर उपचाराची सगळी आखणी बदलते.

म्हणून हे ऑपरेशन कुठेही करू नये. रक्तविकारतज्ज्ञ, हाडांचे सर्जन, फॅक्टरची पातळी मोजणारी प्रयोगशाळा आणि फिजिओथेरपिस्ट एका छताखाली असतील तिथेच करावे. आमच्या विद्यार्थ्याचे मुंबईतल्या एका मोठ्या सरकारी रुग्णालयात झाले. कागदपत्रे आणि इम्प्लांटच्या खर्चाची मंजुरी यांसाठी तिथल्या समाजसेवा अधीक्षकांनी मदत केली. नंबर लागायला आठ महिने गेले.

घरात मात्र एकमत नव्हते. अब्बा म्हणत, "चलता है ना जैसा तैसा, कशाला सुरीखाली जायचं?" बायको गप्प होती. तिने आम्हाला नंतर सांगितले की ती रात्रभर एकच विचार करायची: एवढुसा दात काढताना मामा गेले, इथे तर हाड कापणार. भीती खोटी नव्हती. पण काळ बदलला होता. मामांच्या वेळी आजाराचे नावच ठाऊक नव्हते. इथे नाव ठाऊक होते, औषध होते आणि मोजमाप होते.

काय मिळाले, काय नाही

ऑपरेशननंतरच्या आयुष्याबद्दल लोक दोन टोकांचे बोलतात. कुणी म्हणतात, आता पळशील. कुणी म्हणतात, काही उपयोग होत नाही. दोन्ही खरे नाही. जगभरातल्या डॉक्टरांचा अनुभव आणि आमच्या विद्यार्थ्याचा अनुभव एकच सांगतो: सर्वांत मोठा फरक दुखण्यात पडतो.

तो म्हणतो, "सर, पंधरा साल में पहिल्यांदा रात को नींद नहीं टूटी." कुशीवर वळताना जाग येणे, सकाळी पाय जमिनीला टेकवण्याआधी दात आवळणे, दुखण्याच्या गोळ्या मोजणे, हे थांबले. बदललेल्या गुडघ्यात रक्तस्रावही फार कमी होतो, कारण सुजलेले अस्तर ऑपरेशनमध्ये काढून टाकलेले असते. पाय जवळजवळ सरळ झाला. त्यामुळे चाल सुधारली आणि कमरेचे दुखणे कमी झाले.

वाकण्याचे मात्र तसे नाही. सपाट रस्त्यावर चालायला गुडघा साधारण सत्तर अंश वाकावा लागतो. जिना चढायला आणि खुर्चीवरून उठायला नव्वद ते शंभरच्या आसपास. उकिडवे बसायला किंवा नमाजच्या बैठकीला एकशे तीसच्या पुढे. वर्षानुवर्षे आखडलेल्या गुडघ्याचे स्नायूही आखूड झालेले असतात, म्हणून हिमोफिलियात बदललेला गुडघा इतरांइतका वाकत नाही. याचा पंचाण्णव अंश वाकतो. म्हणजे एकोणीस पायऱ्या जमल्या, पण मांडी घालून दस्तरख्वानवर बसणे नाही. घरात कमोड बसवावा लागला. कृष्णेच्या घाटाच्या पायऱ्या तो उतरतो, पण काठावर उकिडवा बसत नाही.

हेही फुकट मिळाले नाही. पहिले तीन महिने रोजचा व्यायाम रडवणारा होता. फिजिओथेरपी अर्धवट सोडली तर नवा गुडघाही आखडतो. बायको मोबाईलवर वेळ लावून त्याच्याकडून व्यायाम करून घ्यायची. त्या बाबतीत ती आमच्याहून कडक मास्तरीण निघाली.

धोकेही सांगायला हवेत. सर्वसाधारण लोकांत बदललेल्या गुडघ्याला जंतुसंसर्ग शंभरात एखाद-दुसऱ्याला होतो. हिमोफिलियात हे प्रमाण काही पटींनी जास्त आढळले आहे. शिवाय तिशीत बसवलेला गुडघा जन्मभर पुरेलच असे नाही, पुढे पुन्हा बदलावा लागू शकतो. घोटा आणि कोपर जुनेच राहतात, आणि रक्तातला आजारही तसाच राहतो. गुडघा नवा झाला म्हणून फॅक्टर बंद करता येत नाही.

मशिदीतली खुर्ची

ऑपरेशनच्या आधी त्याने आम्हाला एक प्रश्न विचारला होता. डॉक्टरांना विचारायला तो लाजला होता. "सर, सजदा होईल का?"

आम्ही खोटा दिलासा दिला नाही. जमिनीवरचा सजदा बहुधा होणार नाही, असे डॉक्टरांनी नंतर स्पष्ट सांगितले. तो त्या दिवशी फार उदास होता. पण दीनने आजाऱ्याला सवलत दिलेली आहे, हे आपण सारे जाणतो: उभे राहता येत नसेल तर बसून, बसता येत नसेल तर आडवे होऊन. ही सवलत नमाज कमी करत नाही. कोणाला कोणती सवलत लागू होते, हे आलिमांना विचारून घ्यावे. गुडघ्यावर किती ताण चालेल, हे डॉक्टरांना विचारावे.

आता तो मशिदीत सफेच्या टोकाला खुर्चीवर नमाज पढतो. सुरुवातीला काही बुजुर्गांनी टोकले, "जवान मुलगा खुर्चीवर?" तरुण माणूस वरून धडधाकट दिसतो, म्हणून लोकांना तो आळशी वाटतो. आम्हालाही एकदा तसेच वाटले होते. म्हणून आम्ही आता कुणाला खुर्चीवर पाहिले की विचारत नाही.

अम्मी आणि मुलगी

या आजारात सर्वांत जास्त दोष आईला दिला जातो, म्हणून हे नीट समजून घ्या. दोष एक्स गुणसूत्रावर असतो. वाहक आईच्या प्रत्येक मुलाला आजार होण्याची शक्यता निम्मी आणि प्रत्येक मुलीला वाहक होण्याची शक्यता निम्मी. सुमारे एक तृतीयांश रुग्णांच्या घराण्यात आधी कुणालाच आजार नसतो, दोष नव्याने उद्भवतो. यात कुणाचेही पाप नाही, कुणाची नजर नाही.

आजारी वडिलांच्या मुलग्यांना त्यांच्याकडून हा आजार जात नाही. मुली मात्र सगळ्या वाहक असतात. आणि रुग्णाचे लग्न आजाराची वाहक असलेल्या नात्यातल्या मुलीशी झाले, तर त्यांच्या मुलीलाही खरा आजार होऊ शकतो. म्हणून आजोळी हिमोफिलिया असेल तर नात्यात लग्न ठरवण्याआधी तपासणी करावी. मुंबईत परळला, केईएम रुग्णालयाच्या आवारातील राष्ट्रीय प्रतिरक्षा रुधिरविज्ञान संस्थेत वाहकांची तपासणी होते.

आमच्या विद्यार्थ्याला सात वर्षांची एक मुलगी आहे. हुशार, बोलकी, ईदला आमच्या गच्चीवर धावत होती. ती वाहक आहे, हे तपासणीशिवायही ठाऊक आहे. वाहक मुलींपैकी काहींचा फॅक्टर कमी असतो. त्यांना पाळीत फार रक्त जाते, बाळंतपणात धोका असतो. म्हणून तिच्या रक्तातील फॅक्टरची पातळी एकदा मोजून घ्यायला डॉक्टरांनी सांगितले आहे.

आजी नको म्हणते. "बात फैली तो रिश्ता कौन देगा?" मुलगा तपासणीच्या बाजूने आहे. तो म्हणाला, "अम्मी, तुझ्या माहेरी लपवलं म्हणून मी घुटना गमावला. मी माझ्या मुलीपासून लपवू?" अम्मी रडली. त्याने आवाज चढवला नव्हता, तरी ते शब्द तिला लागले. तिने स्वतः काही लपवले नव्हते, तिला कुणी सांगितलेच नव्हते. हे मुलालाही कळले आणि तो उठून तिच्याजवळ जाऊन बसला.

घरच्यांनी काय करावे

लहान मुलाला वारंवार निळे डाग पडत असतील, रांगायला लागल्यावर गुडघे सुजत असतील, दात पडताना रक्त थांबत नसेल, तर फॅक्टरची तपासणी करून घ्या.

सांध्यात मुंग्या आल्यासारखे किंवा गरम वाटले की सूज येण्याची वाट पाहू नका. विश्रांती, फडक्यातून बर्फ, पट्टी, पाय उंच, आणि लवकरात लवकर फॅक्टर. मालीश नको, गरम शेक नको. दंडात-कमरेत इंजेक्शन आणि अॅस्पिरिनसारख्या गोळ्या डॉक्टरांना आजार सांगितल्याशिवाय घेऊ नका.

आज लहान मुलांना रक्तस्राव होण्याआधीच ठरावीक दिवसांनी फॅक्टर देता येतो. हिमोफिलिया एसाठी एमिसिझुमॅब नावाचे कातडीखाली द्यायचे औषधही आले आहे. आपल्या केंद्रात यांपैकी काय मिळते, ते विचारा. ज्या मुलाचे गुडघे आज वाचतील, त्याला पुढे ऑपरेशनची गरज पडणार नाही.

गुडघा बदलला असेल तर दात आणि हिरड्या स्वच्छ ठेवा. दातांचे काम करण्याआधी दातांच्या आणि रक्ताच्या, दोन्ही डॉक्टरांना कळवा. गुडघा लाल, गरम झाला किंवा ताप आला तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये ज्या २१ प्रकारांचा समावेश आहे, त्यांत हिमोफिलिया आहे. प्रमाणपत्र काढून ठेवा. उपचारासाठी प्रवास करताना रेल्वे भाड्यातही सवलत आहे. हिमोफिलिया फेडरेशन ऑफ इंडिया ही संस्था १९८३ मध्ये अशोक बहादुर वर्मा यांनी सुरू केली. ते स्वतः याच आजाराचे रुग्ण होते. जागतिक संघटना १९६३ मध्ये फ्रँक श्नाबेल या रुग्णानेच उभारली. त्यांचा जन्मदिवस, १७ एप्रिल, हा जागतिक हिमोफिलिया दिन म्हणून पाळला जातो. रुग्णांनी एकमेकांचा हात धरला, म्हणून फॅक्टर गावोगाव पोहोचला.

आणि आमच्या शिक्षक भावा-बहिणींना एक विनंती. वर्गात एखादा मुलगा वरचेवर गैरहजर राहत असेल, लंगडत असेल, तर शिक्षा करण्याआधी त्याच्या घरी जाऊन या.

ईदच्या त्या दिवशी आम्ही आमच्या विद्यार्थ्याजवळ मैदानाच्या दोन फेऱ्यांचा विषय काढला. वीस-बावीस वर्षांनी माफी मागितली. तो हसला. म्हणाला, "सर, तेव्हा तुम्हालाही माहीत नव्हतं, मलाही नव्हतं." मग त्याने मुलीला हाक मारली आणि कठडा धरून जिना उतरू लागला. आम्ही वरून पाहत होतो. तो एका पायरीवर थांबून म्हणाला, "सर, पुढच्या महिन्यात हिला घेऊन मुंबईला जातोय. अम्मी पण येणार आहे."